एकाच फ्यूजवर

ड्रायव्हरच्या पायाशी असलेलं प्लास्टिकचं झाकण ओढून काढल्याबरोबर ओंजळभर गाळ दुफीच्या मनगटावर पडला, आणि त्या गाळामागे तिला स्वतःचंच काम दिसलं. दोन जाड वायरी एकमेकींत पिळून एका फ्यूजला नेलेल्या, वर काळी टेप, आणि टेपवर निळ्या सुती दोऱ्याचे वेढे. कुमासीच्या उन्हात टेपचा गोंद पातळ होतो, महिन्याभरात टेप उलगडते, म्हणून दुफी वरून दोरा बांधते. मॅगझिन या गॅरेजांच्या वस्तीतल्या एवढ्या शेडांत असं करणारं दुसरं कोणी तिला माहीत नव्हतं. शेजारच्या शेडमधला मेकॅनिक इसाका तिला त्यावरून चिडवायचा, सिस्टर, तू गाड्या दुरुस्त करतेस की शिवतेस. तिने अंगठ्याने चिखल पुसला. दोरा काळपट झाला होता, पण गाठ सुटली नव्हती. फ्यूज मात्र आतून जळून कोळसा झाला होता. एक गुडघा गाडीत, एक पाय बाहेर, अशी ती वाकून राहिली. बाहेर पत्रे ठोकण्याचा आवाज चालला होता, तो कोणीतरी उचलून लांब नेऊन ठेवल्यासारखा झाला. तिला फक्त एवढंच वाटलं की हे झाकण होतं तसं परत लावून टाकावं.

काल दोरीने ओढत गाडी आणली तेव्हा ती ओळखावी असं तिच्यात काही उरलं नव्हतं. मूळचा करडा रंग आणि चिखलाचा रंग एक झालेला, नंबरची पाटी पाण्याने नेलेली. आणणारा माणूस ‘घराण्याची गाडी आहे, ओपानिन स्वतः येऊन बोलतील’ एवढं सांगून गेला. रविवारी चर्चमध्ये पावसात गेलेल्यांसाठी प्रार्थना झाली होती. त्यांत मोठ्या गटारात गाडीसकट बुडालेला एक माणूस होता. नाव कोणी घेतलं नव्हतं. दुफीने त्या बिननावाच्या माणसासाठी डोळे मिटून प्रार्थना केली होती, मनापासून केली होती, आणि उठताना छाती हलकी झाल्यासारखी वाटली होती. आता त्या माणसाला नाव आलं. आद्दाय. शाळांना वह्या पुरवणारा आद्दाय, ज्याचा आवाज त्याच्याआधी शेडमध्ये यायचा.

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात तो आला होता. गाडी थांबवून त्याने काच खाली केली, हात बाहेर काढला, बाहेरची कडी ओढून दार उघडलं आणि उतरता उतरता म्हणाला, ‘हसू नकोस सिस्टर. आतली कडी कधीच मेली. माझं दार म्हणजे ही काच. पण आता तीही रुसायला लागली. परवा घरासमोर अर्धा तास कोंडून बसलो होतो, बायको म्हणाली, थांब, तिथेच ताट आणून देते.’ दुफीने हसून सांगितलं होतं, आधी कडी दुरुस्त करून घे. त्यावर तो म्हणाला, ‘कडीचं काम इसाकाचं. तो म्हणतो केबल अक्राहून यायची आहे. ती केबल बहुतेक चालत निघाली असावी. तू काच तेवढी चालती ठेव.’ तिने काचेची लाइन तपासली. काचेचा रिले, म्हणजे वीज पोचवणारी ती छोटी डबी, गंजून गेली होती. नवी मागवायची तर दोन आठवडे. आद्दायला दुसऱ्या दिवशी ओबुआसीला माल पोचवायचा होता. मग तिने काचेची वायर दारांच्या लॉकच्या फ्यूजवर चढवली, दोघांना मिळून एकच फ्यूज, आणि तो पायाशी, सगळ्यात खालच्या जागी. बटण दाबलं, काच सर्रकन खाली गेली. आद्दायने टाळी वाजवली. ती म्हणाली, ‘हे तात्पुरतं आहे. रिले आला की फोन करते.’ तो म्हणाला, ‘तू बोललीस म्हणजे झालं.’ आणि जाताना मागच्या गठ्ठ्यातून गुलाबी पुठ्ठ्याची एक वही काढून तिच्या बाकावर ठेवून गेला.

रिले बारा दिवसांनी आला. तिने तो पत्र्याच्या डब्यात ठेवला. त्या आठवड्यात चर्चच्या बायकांचं संमेलन होतं, तीन दिवस ती शेड बंद ठेवून मंपोंगला गेली होती. परत आल्यावर बाकावर कामांची रांग लागली होती. फोन करायचा राहिला. दुफी पहाटे साडेचारला उठते, गुडघे टेकते, प्रार्थना पुरी होईपर्यंत कोणाशी शब्द बोलत नाही. बुधवारी आणि शुक्रवारी दुपारपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब घेत नाही. नवरा गेला त्या वर्षापासून यांतलं काही चुकलेलं नाही, आणि चुकू नये म्हणून ती रोज एक खूण करते, आता त्याच गुलाबी पुठ्ठ्याच्या वहीत. एप्रिलच्या पानावर एकही रकाना रिकामा नाही. तो हिशोब पुरा होता. फोनसाठी त्यात रकानाच नव्हता.

दुपारी ओपानिन सारफो आले. उंच, म्हातारे, खांद्यावरून काळ्या-तांबड्या सुतकी कापडाचा पट्टा घेतलेले. घराण्याचे प्रमुख, म्हणून ओपानिन, आणि आद्दायचे मामा. दुफीने बाक पुसला, पाणी दिलं, ते पिऊन होईपर्यंत वाट पाहिली आणि मग रीतीप्रमाणे विचारलं, ‘इकडे सगळं शांत आहे. आपलं येणं कसं झालं?’

‘शांत नाही,’ ते म्हणाले. ‘ही माझ्या बहिणीच्या मुलाची गाडी. चालेल का?’

‘चालेल, ओपानिन. पण वेळ लागेल. पाणी वायरींच्या आत चढलंय.’

‘गुरुवारी घराण्यातली तिघं म्हातारी माणसं गाडी बघायला येणार. इंजिन नाही चाललं तरी चालेल. काच चालली पाहिजे.’

इसाका हात पुसत आपल्या शेडमधून आला होता. तो म्हणाला, ‘ओपानिन, आजवर गिऱ्हाइकं आधी इंजिन मागत आली.’

‘गिऱ्हाइकांवर मढं घराबाहेर ठेवायची पाळी आलेली नसते,’ ओपानिन शांतपणे म्हणाले, आणि इसाकाने मान खाली घातली. ‘पाण्याने नेलेला माणूस आमच्या घराण्यात उंबऱ्याच्या आत आणत नाहीत. गल्लीच्या तोंडाशी मांडव घालायचा, त्याच दिवशी माती द्यायची. पलंगावर निजवणं नाही, पाहुणे नाहीत, ढोल नाहीत. त्याच्या मुलांना जन्मभर ऐकावं लागतं. डॉक्टरच्या कागदावर दोन्ही लिहिलंय. हृदय थांबलेलं होतं, छातीत पाणी होतं. आधी काय झालं ते कागद सांगत नाही. मी म्हणतो, आधी हृदय. म्हणून तर गाडी गटारात गेली. शुद्धीवर असता तर काच खाली करून बाहेर आला असता. पोहणारा माणूस तो. म्हाताऱ्यांचं एवढंच म्हणणं, काच चालत होती हे आम्हांला डोळ्यांनी बघू दे.’

‘ओपानिन,’ दुफी म्हणाली, ‘ती काच...’

‘काय? होणार नाही?’

त्यांच्या डोळ्यांखालची कातडी सुजलेली होती. पायांतल्या चपला चिखलाने भरल्या होत्या, म्हणजे हा माणूस चालत आला होता. दुफीच्या तोंडात वाक्य तयार होतं. ती काच त्या दिवशी चालत नव्हती. पाच-सहा शब्द. पहाटेच्या प्रार्थनेत ढीगभर शब्द सहज बोलणारी तिची जीभ टाळूला चिकटून राहिली आणि मग स्वतःहून सुटून म्हणाली, ‘होईल.’

ते गेल्यावर तिने कामाला सुरुवात केली, कारण हात रिकामे ठेवणं शक्य नव्हतं. मागच्या सीटवर वह्यांचे गठ्ठे होते. पाणी पिऊन फुगलेले, एकमेकांना चिकटून एकच भिंत झालेले, छतापर्यंत. ते तिने कोयत्याने फोडून काढले. पानांतली निळी रेघ विरघळून सगळीकडे पसरली होती. म्हणजे मागच्या दारांकडे जायला वाट नव्हती. उजवं दार गटाराच्या भिंतीला टेकलं होतं, ते पत्र्यावरच्या लांब खरवडीवरून कळत होतं. डाव्या, ड्रायव्हरच्या दाराची कडी मेलेली. एकेक गोष्ट तिला काही विचारत नव्हती, नुसती समोर येऊन उभी राहत होती. छताच्या कापडावर पाण्याची रेघ होती, छतापासून चार बोटं खाली. तिने त्या चार बोटांवर आपली चार बोटं ठेवून पाहिली. मग सीट काढल्या, गालिचा काढला, पाइपने स्वच्छ पाणी मारलं. पुराच्या गाडीला आधी आणखी पाणीच द्यावं लागतं, घाण पाणी स्वच्छ पाण्याने हाकलावं लागतं, हे तिला तिच्या उस्तादाने शिकवलं होतं. मग स्पिरिट, मग ऊन. वायरिंगचा सगळा जुडगा तिने चटईवर पसरला. कापलेल्या टोकांतून हिरवं तांबं दिसत होतं. एवढ्या दिवसांत तांब्यावर हिरवं चढतं, गेल्या आठवड्यातलं पाणी अजून आत बसून हळूहळू चरत असतं, बाहेरून वायर निरोगी दिसते. असं काम तिला आवडायचं. वायरीला सुरुवात असते आणि शेवट असतो. मध्ये कुठे तुटलंय ते मीटर सांगतं, वाद घालत नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत तिने ड्रायव्हरच्या दाराचं पॅनेल उघडलं. काचेचं बटण आत दबलेलं होतं, नुसतं दबलेलं नाही, फुटून आत गेलेलं. बोटाच्या जोराने ते बटण फुटत नाही. अंगठ्यावर अंगठा ठेवून, सगळं अंग टाकून दाबलं तर फुटेल. आणि वर, काच ज्या खाचेत जाऊन बसते त्या खाचेतलं रबर दोन वितींपर्यंत ओरबाडून बाहेर काढलेलं होतं. त्यावर दातांचे ठसे असावेत असं तिला वाटलं, मग वाटलं नसतील, मग तिने बघणं सोडून दिलं. ज्याचं हृदय आधी थांबलं त्याने हे केलेलं नव्हतं. ती दाराला पाठ लावून जमिनीवर बसली. किती वेळ लागला असेल, हा प्रश्न आला, आणि तिने तो मागे ढकलला, आणि तो गटारातल्या पाण्यासारखा दुसऱ्या फटीतून आत आला. तेव्हा मी काय करत होते. पाऊस दुपारी तीनच्या सुमाराला वाढला होता. ती या पत्र्याखाली बसून पाऊस थांबण्यासाठी प्रार्थना करत होती, आपल्या छपरासाठी. तेव्हाही मन एकाग्र झालं म्हणून तिला बरं वाटलं होतं.

बुधवारी पहाटे ती गुडघे टेकून बसली. शब्द आले नाहीत. खूण करायची की नाही हे तिला ठरवता आलं नाही. शेवटी वही न उघडताच ती शेडमध्ये आली. तिने तो जोड कापून काढला. काचेची आणि लॉकची वायर वेगवेगळी केली, दोघांना स्वतंत्र फ्यूज दिले, तेही पायाशी नाही, वर, डॅशबोर्डच्या मागे, जिथे पाणी सगळ्यात शेवटी पोचतं. डब्यातून रिले काढून बसवला. नवं बटण, नवं रबर. इसाकाकडून तिने केबल मागितली आणि त्याने ती आपल्या कपाटातून काढून दिली. जुनं सगळं तिने शेडमागच्या जळत्या टायरांच्या ढिगात टाकलं. हे पुरावा नाहीसा करणं आहे, असं तिच्या मनात स्पष्ट शब्दांत आलं नाही. तिला वाटलं, काम नीट व्हावं. तिला नेहमीच वाटायचं, काम नीट व्हावं.

इसाका दारात उभा राहून बघत होता. ‘निळा दोरा दिसला मला काल,’ तो म्हणाला. ‘पाण्यात कुठलाही फ्यूज जातो, सिस्टर.’

‘वर असता तर दहा मिनिटं जास्त टिकला असता.’

‘आणि केबल? ती महिनाभर माझ्या कपाटात पडून होती. तो आला नाही, मी बोलावलं नाही. आता मी काय करू, मशिदीच्या दारात जाऊन लोळू? मला पाच पोरं आहेत. तुझं एक नाव आहे इथे. अल्लाने झाकलंय ते आपण उघडायचं नाही.’

‘झाकलंय मी, इसाका.’

‘मग झाकूनच ठेव,’ तो म्हणाला, आणि पाना घेऊन गाडीखाली गेला.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा ब्रागो आली. आद्दायची बायको. डोक्याला काळं फडकं, कपाळावर लाल पट्टी. विधवेने घराबाहेर पडायचं नसतं. शिंप्याकडे जाते असं सांगून ती निघाली होती. हातात केळीच्या पानांत बांधलेलं केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे, आणि तळलेली मासळी होती. दुफीचा उपवास अजून सुटायचा होता. तिने पुडी मांडीवर ठेवून घेतली, नाही म्हणवलं नाही.

‘तुम्हीच दुफी का? तो तुमचं नाव घ्यायचा,’ ब्रागो म्हणाली. ‘म्हणायचा, मॅगझिनमध्ये एक बाई आहे, हळू बोलते, पण वायरी तिचं ऐकतात.’

दुफीने पुडीची गाठ बोटाने चाचपली.

‘मी गाडीकडे बघणार नाही. मला फक्त विचारायचंय. काच चालते?’

‘चालते.’

‘मग तो जागा नव्हता. जागा असता तर खाली केली असती. हो ना?’ तिने दुफीचं कोपर धरलं. बोटं गरम होती. ‘त्या दिवशी सकाळी आमचं भांडण झालं. तो आदल्या दिवशी बहिणीकडे जेवून आला, मी केलेलं सूप तसंच राहिलं. मी ते त्याच्यासमोर मोरीत ओतलं. शेजाऱ्यांनी ऐकलं सगळं. गठ्ठे उचलायला मी गेले नाही. तो निघाला तेव्हा पाठ फिरवून बसले. आता मला एवढंच कळलं पाहिजे की तो आत बसून हाक मारत नव्हता. हृदय थांबलं तर माणसाला कळत नाही म्हणतात. झोपेसारखं.’

दुफीच्या मांडीवरची पुडी अजून कोमट होती. हिला सांगायचं, तर काय सांगायचं. की तुझा नवरा जागा होता, त्याने बटण फोडलं, रबर ओढून काढलं. खरं बोलणं हे तिला आयुष्यभर स्वच्छ पाण्यासारखं वाटत आलं होतं. आज ते घेतलं तर या बाईच्या तोंडावर मारावं लागणार होतं. आणि गप्प राहिलं तर ती दया, असं कोणीही म्हणेल. पण त्या दयेखाली स्वतःची कातडी वाचत होती हे दुफीला दिसत होतं, आणि दोन्ही वायरी एकमेकींत पिळल्यासारख्या झाल्या होत्या, कुठली कुठे जाते ते सांगता येत नव्हतं. ती म्हणाली, ‘झोपेसारखं.’

ब्रागोने तिचं कोपर सोडलं आणि तोंडावर फडकं घेऊन रडली, आवाज न करता. निघताना म्हणाली, ‘देव तुमचं भलं करो.’

गुरुवारी दहा वाजता ओपानिन सारफो तिघा म्हाताऱ्यांना घेऊन आले, दोन पुरुष आणि आद्दायची आजेमावशी, काठी टेकत. ब्रागोला त्यांनीच आणलं होतं. ती मागे, शेडच्या खांबापाशी उभी राहिली. दुफीने पाणी दिलं, येण्याचं कारण विचारलं, ते ओपानिननी सांगितलं. मग इसाकाने किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकून चालू झालं, ज्याची कोणी अपेक्षाही केली नव्हती. दुफीने बटण दाबलं. काच खाली गेली. पुन्हा दाबलं, वर आली. म्हातारीने काठीच्या टोकाने खूण केली, पुन्हा. पुन्हा खाली, पुन्हा वर. इतकी सुरळीत की नव्या गाडीचीही जात नसेल.

‘त्या दिवशीही अशीच होती?’ म्हातारीने विचारलं. ‘तू ही गाडी आधी बघितलेली आहेस म्हणतात.’

‘एप्रिलमध्ये मी दुरुस्त केली होती, आजी.’

‘म्हणजे चालत होती.’

‘तेव्हा चालत होती,’ दुफी म्हणाली. तिने निवडून, तोलून ठेवलेलं वाक्य होतं ते, ज्यात एकही शब्द खोटा नव्हता.

म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. ओपानिन सारफोंचे खांदे खाली आले, एवढ्या दिवसांत प्रथमच. ‘तर मग तो घरात येईल,’ ते म्हणाले. ‘आपल्या आईच्या खोलीत, पलंगावर निजेल.’ आणि दुफीला वाटलं, झालं. हे चांगलं झालं. कोणाचं काही गेलं नाही. तिला पुसटसा आनंदही झाला आणि त्याच क्षणी म्हातारी बोलली.

‘हृदय असं आपोआप थांबत नाही,’ ती म्हणाली. ‘बेचाळीस वर्षांचा माणूस. वह्यांचे गठ्ठे डोक्यावर घेऊन जिने चढणारा. त्या सकाळी त्याच्या घरात काय झालं ते गल्लीतल्या पोराटोरांनासुद्धा माहीत आहे. जेवणाचं भांडं मोरीत ओतलं. नवऱ्याचं अन्न त्याच्यासमोर ओतणारी बाई. त्याचं हृदय पाण्याने नाही थांबवलं.’

‘मावशी, ते घरी बोलू,’ ओपानिन म्हणाले.

‘घरीच बोलू. ही अंत्यविधीला बसणार नाही. मुलं आपल्या पोराची आहेत, ती आपल्याकडे येतील. तिने आपलं सामान उचलावं.’ तिने ब्रागोकडे पाहिलंसुद्धा नाही. दुसऱ्या म्हाताऱ्याने मान हलवली. कोणी आवाज चढवला नव्हता. भाजीचा भाव ठरावा तसं ठरलं.

ब्रागो खांबापाशी उभी होती. तिने काही नाकारलं नाही. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्यही नव्हतं. ज्या माणसाला शिक्षा आधीपासून ठाऊक असते त्याच्यासारखी ती जमिनीकडे बघत होती, आणि दुफीला कळलं की हा दोष आपण कालच तिच्या हातात दिला होता, झोपेसारखं म्हणून.

‘काच चालत नव्हती,’ दुफी म्हणाली.

सगळे वळले.

‘मी काच आणि लॉक एका फ्यूजवर टाकले होते. तात्पुरते. पायाशी. पाणी आलं की तो फ्यूज पहिला जातो. आतली कडी नव्हती, मला माहीत होतं. रिले आला आणि मी त्याला कळवलं नाही. तो जागा होता. त्याने बटण फोडलं होतं. काचेचं रबर हाताने ओढून काढलं होतं. हृदय नाही, पाणीच. ही बाई नाही. मी.’

ती नेहमीच्याच आवाजात बोलली. शेजारी पत्रे ठोकणं चाललं होतं. म्हातारीने कान पुढे केला, मग ओपानिनकडे पाहिलं.

‘कुठे आहे ते बटण?’ ओपानिननी विचारलं. ‘ते रबर?’

‘जाळलं.’

‘तो जोड?’

‘कापून टाकला. सगळं नवं घातलंय.’

ओपानिन सारफोंनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. ‘मेकॅनिक,’ त्यांनी इसाकाला विचारलं, ‘तू काही पाहिलंस?’

इसाका हातातला पाना फडक्याने पुसत होता. ‘मी इंजिनाचं बघतो, ओपानिन,’ तो म्हणाला.

‘सिस्टर,’ ओपानिन म्हणाले, ‘तुझ्याबद्दल मी चौकशी करूनच गाडी इथे आणली. तू दुसऱ्यासाठी उपवास धरणारी बाई आहेस. विधवेची दया आली, तिचं ओझं स्वतःवर घेतेस. तुझ्या धर्माने तुला ते शिकवलं असेल. पण आमच्या पोराला त्यासाठी उंबऱ्याबाहेर ठेवू नकोस. आम्ही काच बघितली. या डोळ्यांनी बघितली.’ त्यांनी म्हातारीला हात दिला आणि ती सगळी उन्हात बाहेर पडली, गाड्यांच्या सांगाड्यांतून वाट काढत, रस्त्याच्या दिशेने.

इंजिन अजून चालूच होतं. दुफीने आत हात घालून ते बंद केलं. तिला वाटलं, मी सांगितलं, आता माझ्याकडून झालं. हा विचार किती ओळखीचा होता, तो कुठल्या गुडघ्यांवर बसून शिकलेला होता, हे तिच्या लक्षात आलं.

ब्रागो खांब सोडून जवळ आली. ‘हाक मारत असेल तो,’ ती म्हणाली.

‘हो.’

‘मला काल खोटं सांगितलंस.’

‘हो.’

ब्रागोचा हात वर झाला. दुफीने डोळे मिटले नाहीत. हात मध्येच थांबला आणि ब्रागोने त्याच हाताने स्वतःच्या कपाळावरची पट्टी सरळ केली.

‘मला ऐकू आलं तू काय बोललीस,’ ती म्हणाली. ‘त्यांना नाही आलं. जा आणि परत सांग. त्याला बाहेर ठेवतील तर ठेवू देत. मी बाहेर बसेन त्याच्याजवळ. पण नाही सांगितलंस तर ही माणसं माझी मुलं घेऊन जातील.’

‘ते विश्वास ठेवणार नाहीत.’

‘हळू बोलतेस म्हणून. लोकांना वाटतं भली बाई आहे, पुटपुटतेय. ओरड.’

दुफी शेडबाहेर आली. डाव्या हाताला कोणी टायर पेटवले होते, उजव्या हाताला चार जण मिळून एका ट्रकचा पत्रा ठोकत होते. ती म्हाताऱ्यांच्या मागे चालू लागली, मग पळू लागली, चाळीस वर्षांत न पळालेली बाई. रस्त्याला लागून त्यांची टॅक्सी उभी होती, म्हातारी आत बसत होती. दुफीने तोंड उघडलं. पहिल्यांदा नुसताच घशातून फाटका आवाज निघाला, कुठल्या जनावरासारखा. ट्रकवाल्यांचे हातोडे थांबले. ‘मी मारलाय त्याला,’ ती ओरडली, ‘मी फोन केला नाही,’ आणि शेडाशेडांतून माणसं बाहेर येऊन बघू लागली, तिची रोजची गिऱ्हाइकं, चर्चमधल्या दोघी जणी, भाकरी विकणारी बाई. टॅक्सीच्या दारावर हात ठेवून ओपानिन सारफो वळले. त्यांच्या चेहऱ्यावरची ती दया हळूहळू उतरत गेली आणि खाली राग दिसू लागला. दुफी त्या रागाच्या समोर जाऊन उभी राहिली आणि पहिल्यापासून, त्याच आवाजात, पुन्हा सांगू लागली.